रक्त टिकविणारा माणूस : डॉ. चार्ल्स ड्र्यू

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झाला. आमच्या नागपुरात भाद्रपद लागला की गल्लीगल्लीत एखादे तरी घर या तापाने आडवे झालेले असते, त्यामुळे सुरुवातीला कुणी फारसे घाबरले नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला. आईने हुश्श केले. आणि त्याच संध्याकाळी त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तपासणीत प्लेटलेट नऊ हजारांवर आलेल्या निघाल्या. निरोगी माणसाच्या रक्तात एका घन मिलिमीटरला त्या दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि रक्तपेढीतून प्लेटलेटच्या पिशव्या घेऊन यायला सांगितले.

शेजारच्या कुल्फीवाल्या काकांनी आपला थर्माकोलचा डबा दिला, वर भरपूर बर्फही घालून दिला. रक्त थंड ठेवायचे असते, एवढे ज्ञान आमच्या साऱ्या वस्तीला होते. रात्री अकराच्या सुमारास तो डबा मांडीवर घेऊन मी बाबांच्या मागे स्कूटरवर बसून रक्तपेढीत पोचले, आणि खिडकीतल्या तंत्रज्ञाने सर्वांत आधी आमचा बर्फ मोरीत ओतायला लावला. प्लेटलेटला गारठा चालत नाही म्हणे. मी विश्वास न बसल्यासारखी पाहत राहिले, तेव्हा त्याने आतले एक कपाट दाखविले. त्यात फळ्यांवर पिवळसर पाण्यासारख्या पिशव्या मांडलेल्या होत्या आणि त्या फळ्या पाळण्यासारख्या अखंड मागेपुढे हलत होत्या. शेजारच्या फ्रिजमध्ये तांबड्या रक्ताच्या पिशव्या मात्र स्वस्थ पडून होत्या. एकाच माणसाच्या रक्ताचे दोन भाग; एकाला थंडी हवी, दुसऱ्याला ती सोसत नाही. आमच्या त्या पिशव्यांचे आयुष्य फक्त पाच दिवसांचे होते.

भाऊ बरा झाला. पण ते हलणारे कपाट काही माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रक्ताशी माझा संबंध इतिहासातल्या लढायांपुरता. तरीही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि इतरत्र जे हाती लागले ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचीत गेले. शरीराबाहेर काढलेले रक्त किती दिवस जिवंत राहते, या एकाच प्रश्नामागे ज्याने आपली उमेदीची वर्षे घातली, अशा एका माणसाशी माझी तिथे गाठ पडली. त्याचे नाव डॉ. चार्ल्स रिचर्ड ड्र्यू. त्याची हकिगत मित्रमैत्रिणींना सांगावी म्हणून हा लेख.

चार्ल्सचा जन्म ३ जून १९०४ रोजी अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. पाच भावंडांत तो थोरला. आई नोरा शिक्षिका होण्यासाठीचे शिक्षण घेतलेली, पण संसारातच रमलेली. वडील रिचर्ड घरोघरी गालिचे बसवीत. गालिचे बसविणाऱ्या कामगारांच्या संघटनेत ते एकटेच कृष्णवर्णीय सभासद होते, हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. माझे बाबा फरशी बसविण्याचे काम करतात. गालिचा काय आणि फरशी काय, माणसाचा जन्म गुडघ्यांवरच जातो. संध्याकाळी बाबा घरी आले की आजी आधी तेलाची वाटी पुढे करते, मग चहा.

पोरवयात चार्ल्स रस्त्यावर वर्तमानपत्रे विकी. पोहण्यात आणि धावण्यात त्याचा हात धरणारे कुणी नव्हते. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या. डनबार हायस्कूल ही काळ्यांची शाळा, पण शिक्षक एकाहून एक विद्वान; कारण एवढे शिकूनही त्यांना इतरत्र नोकरी मिळत नसे. १९२० साली इन्फ्लुएंझाच्या साथीत त्याची बहीण एल्सी गेली. तिला आधीपासून क्षय होता. डॉक्टर होण्याचा विचार तेव्हापासून त्याच्या मनात घर करून होता, असे त्याचे चरित्रकार मानतात. मला मात्र तो विचार पक्का व्हायला पुढची बरीच वर्षे लागली असे दिसते. कारण १९२२ साली तो अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात गेला तो खेळाडू म्हणून मिळालेल्या शिष्यवृत्तीवर, आणि गाजला तोही मैदानावरच. अभ्यासात गडी बेताचाच होता. हे मी मुद्दाम लिहीत आहे. थोर माणसे पहिल्या इयत्तेपासून पहिला नंबर काढीत आली असे आपल्याला सांगितले जाते, त्याने आपल्यासारख्यांचा धीर खचतो.

१९२६ मध्ये पदवी हाती आली, पण वैद्यकीय शिक्षणाला पैसे नव्हते. दोन वर्षे बाल्टिमोरच्या मॉर्गन महाविद्यालयात त्याने मुलांना खेळ शिकविले, जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकविले, पैसे साठविले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने त्याला प्रवेश नाकारला, आणि कारण काय, तर इंग्रजी विषयाचे दोन गुणांक कमी! इंग्रजीने अडविलेल्यांत आपण एकटेच नाही, हे वाचून आमच्या वर्गातील निम्म्या लोकांना बरे वाटेल. हार्वर्डने पुढल्या वर्षी ये म्हणून सांगितले. चार्ल्सला थांबायचे नव्हते. १९२८ साली तो सरळ देशाबाहेर, कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेला आणि १९३३ साली १३७ विद्यार्थ्यांत दुसरा येऊन डॉक्टर झाला.

मॅकगिलला त्याला जॉन बीटी नावाचे एक शिक्षक भेटले. जबर दुखापतीने किंवा रक्तस्रावाने माणूस गार पडत जातो, नाडी बुडत जाते, त्या अवस्थेत त्याला बाहेरून रक्त देऊन वाचविता येते का, हा बीटींचा ध्यास. तोच शिष्याला लागला. (थोडे विषयांतर करते. त्याच सुमारास त्याच मॉन्ट्रियल शहरात नॉर्मन बेथ्यून हे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे १९३६-३७ मध्ये स्पेनच्या युद्धात बाटल्यांतले रक्त गाडीने आघाडीवर पोचविले आणि नंतर ते चीनला गेले. त्यांच्या पश्चात तेथे काम केले ते आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी. १९३८ साली चीनला गेलेल्या त्या पाच भारतीय डॉक्टरांत आमच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे आपल्या शहरात किती जणांना ठाऊक आहे?)

रक्त देण्यातली अडचण त्या काळी अशी होती. रक्तगट लँडस्टायनरने १९०१ मध्ये दाखवून दिले होते. सायट्रेट घातले की रक्त गोठत नाही हे १९१४-१५ मध्ये कळले होते. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात १९३७ साली फँटस यांनी साठवलेल्या रक्ताचा विभाग काढून त्याला पैशांच्या पेढीवरून रक्तपेढी हे नावही दिले होते. पण साठवलेले रक्त आठदहा दिवसांत निकामी होई. का होई, आधी काय बिघडते, मग काय, याचा सलग हिशेब कुणी मांडलेला नव्हता.

तो मांडायला ड्र्यू १९३८ साली शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. कोलंबिया म्हटले की आमच्या उत्तर नागपुरातल्या घराघरांत कान टवकारले जातात. बाबासाहेब १९१३ साली तिथेच शिकायला गेले होते. आमचे पणजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर होते, ही घरातली सर्वांत मोठी गोष्ट. तिच्याबरोबर कोलंबिया हा शब्दही आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ड्र्यू तिथे पोचले तेव्हा बाबासाहेबांना ते विद्यापीठ सोडून बावीस वर्षे झाली होती. दोघांची भेट झाली असण्याचे कारण नाही. पण एका ठिकाणच्या पायऱ्या दोघांनी चढल्या एवढेही मला पुरते.

तिथे जॉन स्कडर यांच्याबरोबर ड्र्यू यांनी प्रेसबिटेरियन रुग्णालयात प्रायोगिक रक्तपेढी उभारली. ती ऑगस्ट १९३९ मध्ये सुरू झाली. काम कंटाळवाणे होते. बाटलीचा आकार बदलून पाहायचा, तापमान बदलून पाहायचे, न गोठण्यासाठी घातलेले औषध बदलून पाहायचे, आणि दररोज मोजायचे की आज किती पेशी फुटल्या. तांबड्या पेशींतले पोटॅशियम दिवसागणिक बाहेर झिरपत जाते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्याहून लवकर मोडतात. रक्त शिळे होते म्हणजे काय होते, ते असे घटकाघटकाने कळत गेले. रक्त ही एक वस्तू नसून वेगवेगळ्या आयुष्याच्या अनेक गोष्टींची ती मोळी आहे, हे मला रक्तपेढीतल्या त्या रात्री दिसले होते. त्याची कारणे इथे मिळाली. साठवलेल्या रक्तावरील या प्रबंधाला कोलंबियाने जून १९४० मध्ये वैद्यकशास्त्रातील डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. ती मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. दरम्यान सप्टेंबर १९३९ मध्ये लेनोर रॉबिन्स या गृहशास्त्राच्या प्राध्यापिकेशी त्यांचा विवाह झाला होता. पुढे त्यांना चार अपत्ये झाली.

प्रबंधाची शाई वाळते न वाळते तोच युद्धाने त्यांना बोलावून घेतले. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमाने ब्रिटनवर बॉम्ब टाकू लागली होती आणि जखमींना रक्त पुरेना. अमेरिकेतून रक्त पाठवायचे तर ते वाटेतच नासणार. तेव्हा पेशी बाजूला काढून उरलेले रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, तेवढे पाठवायचे ठरले. ते जास्त टिकते आणि बुडत्या नाडीला सावरायला बहुतेक वेळा पुरते. न्यूयॉर्कच्या निरनिराळ्या रुग्णालयांत रक्त गोळा होऊ लागले, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि काही बाटल्यांत जंतू शिरलेले. शेवटी सारी जबाबदारी ड्र्यू यांच्याकडे आली. त्यांनी प्रत्येक ठिकाणी एकच रीत लावून दिली; रक्त काढणारे हात, नळ्या, बाटल्या, जंतूंची तपासणी, सगळ्याचा नियम ठरला. तपासणीत उतरल्याशिवाय एकही बाटली बंदरावर जायची नाही. जानेवारी १९४१ मध्ये ते काम थांबले तोवर सुमारे १५ हजार लोकांनी रक्त दिले होते आणि रक्तद्रवाच्या पाच हजारांहून अधिक बाटल्या ब्रिटनला रवाना झाल्या होत्या.

लगेच फेब्रुवारी १९४१ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसने सैन्यासाठी सुक्या रक्तद्रवाचा उपक्रम न्यूयॉर्कमध्ये सुरू केला, तोही ड्र्यू यांच्या देखरेखीखाली. फ्रिज बसविलेल्या मोटारी दात्यांच्या दारापर्यंत नेण्याची कल्पना तेव्हाचीच. आज आपल्या महाविद्यालयासमोर रक्तदानाची गाडी उभी राहते, ती त्या मोटारींचीच नात.

आता खरी बोचणारी गोष्ट. ज्या सैन्यासाठी ही तयारी झाली त्याने रेड क्रॉसला कळविले की काळ्या माणसांचे रक्त नको. १९४१ च्या अखेरीस ते धोरण जाहीर झाले. त्यावर ओरड झाली तेव्हा जानेवारी १९४२ मध्ये त्यात बदल असा केला की काळ्यांचे रक्त घ्यावे, पण वेगळ्या बाटलीत, वेगळी खूण करून, आणि फक्त काळ्यांनाच द्यावे. म्हणजे ज्याने हे रक्त टिकवायला शिकविले, त्याचे स्वतःचे रक्त त्याच पेढीत वेगळ्या कपाटात गेले असते! रक्तगट ए असतो, बी असतो, ओ असतो, मुंबईच्या डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये उजेडात आणलेला दुर्मिळ बॉम्बे गटही असतो. कातडीच्या रंगाचा गट कुठल्याही प्रयोगशाळेत सापडलेला नाही.

हे वाचताना मला आमच्या वॉर्डातली तीच रात्र आठवली. शेजारच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना रक्त चढवायला आणले तेव्हा त्यांच्या एका नातलगाने, हे रक्त कोणाचे आहे, म्हणजे कोणत्या समाजाच्या माणसाचे आहे, अशी सिस्टरकडे चौकशी केली. सिस्टरने काही न बोलता पिशवी फिरवून तिच्यावरची चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. गट, क्रमांक, काढल्याची तारीख, संपण्याची तारीख. त्याखेरीज तिच्यावर काही नव्हते. मी भावाच्या उशाशी बसून होते. आमचे आडनाव खाटेला लावलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते.

ड्र्यू यांनी या धोरणाच्या निषेधार्थ राजीनामा फेकला, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले आढळते. वाचायला ते छान वाटते, पण ते तसे घडले नाही. एप्रिल १९४१ मध्येच ते ठरल्याप्रमाणे हॉवर्ड विद्यापीठात परतले होते. धोरण नंतर आले. मात्र ते गप्प बसले नाहीत. या भेदाला विज्ञानात कसलाही आधार नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. १९४४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचे स्पिंगार्न पदक त्यांना मिळाले तेव्हाही सांगितले.

ज्या हॉवर्डने दोन गुणांकांसाठी त्यांना परत पाठविले होते, तिथेच ते आता शस्त्रक्रियेचे प्रमुख झाले. उरलेली नऊ वर्षे त्यांनी तरुण डॉक्टर घडविण्यात घालविली. १९४१ ते १९५० या काळात अमेरिकेत जे कृष्णवर्णीय डॉक्टर शल्यचिकित्सकाची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाले, त्यांतले निम्म्याहून अधिक ड्र्यू यांच्या हाताखालचे होते. आणि खुद्द ड्र्यू यांना अमेरिकेच्या वैद्यक संघटनेचे सभासदत्व मरेपर्यंत मिळाले नाही, कारण तिची वॉशिंग्टनची शाखा काळ्यांना घेत नसे. माझ्या मते त्यांचे मोठे काम रक्तपेढीचे नव्हे, हे शिकविण्याचे होते. प्राध्यापकवर्ग सहमत होईल अशी आशा आहे.

त्यांचा शेवट अवेळी झाला. टस्कीगी येथे दरवर्षी भरणाऱ्या मोफत चिकित्सा शिबिराला तीन डॉक्टर मित्रांसह ते रात्रभर मोटारीने निघाले होते. १ एप्रिल १९५० च्या सकाळी उत्तर कॅरोलिनात बर्लिंग्टनजवळ, गाडी चालवीत असताना त्यांचा डोळा लागला. गाडी उलटली. जवळच्या अ‍ॅलमन्स जनरल रुग्णालयात ते दगावले. वय ४५.

यानंतर एक वदंता पसरली आणि अजूनही सांगितली जाते. रक्तपेढीच्या जनकाला तो काळा म्हणून गोऱ्यांच्या रुग्णालयाने रक्त नाकारले आणि रक्तावाचून तो मेला, अशी. मीही आधी तेच वाचले आणि तेच या लेखाचे शेवटचे वाक्य करायचे मनात योजून ठेवले होते. मग कळले की ते खोटे आहे. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचविण्यासाठी धावपळ केली होती, आणि गाडीतून वाचलेल्या एका सहकारी डॉक्टराने ते स्वतः सांगितले होते. इजाच इतकी होती की काही उपयोग झाला नाही. स्पेन्सी लव्ह या इतिहासकार बाईंनी १९९६ साली या वदंतेवर एक पुस्तकच लिहिले. त्यांनी आणखी एक घटना शोधून काढली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच भागात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला अपघात झाला. त्याला पुढच्या उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात नेले, तर तिथे काळ्यांसाठीच्या खाटा भरल्या आहेत म्हणून परत पाठविले, आणि तो मेला. तो चोवीस वर्षांचा होता. त्याचे नाव कुणाच्या लक्षात राहिले नाही, त्याचे मरण मात्र ड्र्यू यांच्या नावावर चिकटले. खोट्या गोष्टीच्या पोटात एक खरी गोष्ट दडून बसली होती.

दात्यांच्या रक्तावर वंशाची खूण करणे रेड क्रॉसने त्याच १९५० साली थांबविले. लुइझियाना राज्यात तसा कायदा १९७२ पर्यंत होता.

राहिला माझा मूळ प्रश्न, हलणाऱ्या कपाटाचा. ड्र्यू यांच्या वेळी रक्त काचेच्या बाटलीत घेत. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि एका रक्ताचे तीन भाग सुखरूप वेगळे करता येऊ लागले. प्लेटलेटही आधी सवयीने फ्रिजमध्येच ठेवीत. १९६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या मर्फी आणि गार्डनर यांनी दाखविले की थंडीत ठेवलेल्या प्लेटलेट रोग्याच्या अंगात फार लवकर नाहीशा होतात, खोलीतल्या उबेत ठेवलेल्या कितीतरी जास्त टिकतात. गारठ्याने चपटी प्लेटलेट गोल होते आणि यकृत तिला ओळखून बाहेर काढते. म्हणून २० ते २४ अंशांवर, सतत हलवीत ठेवण्याची रीत पडली. पण उबेत जंतूही वाढतात. म्हणून पाच दिवसांची मर्यादा, आणि म्हणूनच ऐन साथीत टंचाई. आता संशोधकांचे डोळे पुन्हा फ्रिजकडे वळले आहेत. थंड प्लेटलेट अंगात थोडाच वेळ राहते खरी, पण वाहते रक्त थांबविण्याचे काम ती झटकन करते, असे दिसून आले. अमेरिकेने २०२३ मध्ये, चालू रक्तस्रावाच्या रोग्यांसाठी आणि नेहमीच्या प्लेटलेट मिळणे शक्य नसेल तेव्हा, १ ते ६ अंशांवर चौदा दिवसांपर्यंत ठेवलेल्या प्लेटलेट वापरायला वाट करून दिली. आमच्या कुल्फीवाल्या काकांना मी हे सांगितले, तेव्हा आपला बर्फ अगदीच वाया गेला नाही म्हणून ते खूष झाले. डेंग्यूच्या रोग्यासाठी मात्र अजून तेच हलणारे कपाट.

यंदा आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मी रक्त द्यायला रांगेत उभी राहिले होते. बोट टोचून पाहिले तर हिमोग्लोबिन अकरा निघाले. साडेबारा लागते. परत पाठविले. आजीने तेव्हापासून रोज गूळ-शेंगदाणे आणि पालेभाजी सुरू केली आहे. पुढचे शिबिर जानेवारीत आहे.